अल्पसंख्याकांचें गाऱ्हाणें आणि जगाची चावडी

आमच्या घरीं लहानथोर मिळून बारा माणसें आहेत. एवढ्या माणसांचा प्रपंच एका छपराखालीं चालावयाचा म्हणजे कांहीं नियम असावेच लागतात, आणि ते घालून देण्याचें काम वडीलकीच्या नात्यानें आम्हांकडे आलेलें आहे. उभा जन्म शाळेंत वर्ग सांभाळण्यांत गेल्यामुळें नियम करण्याची आम्हांस थोडी खोडही आहे, हें कबूल केलें पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं मुलांच्या बोलण्यांत इंग्रजी शब्दांची फार खिचडी होऊं लागलेली पाहून आम्हीं असा नियम घातला कीं, पानावर बसल्यावर सर्वांनीं मराठींतच बोलावें. नियम सर्वांस सारखा होता. आम्हांसही तोच होता. त्यांत कोणावर अन्याय होईल, ही शंकासुद्धां आमच्या मनास शिवली नाहीं.

त्या वर्षीं दिवाळीस आमची वडील बहीण बडोद्याहून आली. आक्का लग्न होऊन तिकडे गेली त्यास पन्नासांवर वर्षें झालीं. चार दिवस आमच्या पंगतींत बसल्यावर पांचव्या दिवशीं ती म्हणाली, "अरे, तुझी धाकटी सून जेवतांना बोलत कशी नाहीं? माजघरांत लेंकाशीं तर किती गोड बोलत असते!" आमची धाकटी सून कारवारकडील, तिच्या माहेरची भाषा कोंकणी. मराठी तिला उत्तम येतें. परंतु मुलाला घांस भरवितांना तिच्या तोंडीं आपोआप कोंकणीच येई, आणि नियम झाल्यापासून ती मुकाट्यानें घांस भरवूं लागली होती. आम्ही म्हणालों, "आक्का, नियम सर्वांना सारखा आहे. तिच्या एकटीकरितां थोडाच केला?" त्यावर आक्का म्हणाली, "तुमचे अकराजणांचे फार तर चार इंग्रजी शब्द गेले. तिची सगळी भाषाच गेली. आम्ही परमुलुखांत मराठी सांभाळून राहिलों, म्हणून मला हें चटकन् दिसलें. तुला इथें बसून दिसायचें नाहीं."

आक्काला आमच्या घरचा नियम मोडण्याचा अधिकार नव्हता. तिनें केवळ प्रश्न विचारला. पण त्याचें उत्तर आम्हांस देतां येईना, तेव्हां नियम आम्हीं मागें घेतला. मागाहून सूनबाईंना विचारलें, "इतके महिने तूं बोलली कां नाहींस?" ती खालीं पाहून म्हणाली, "मामंजी, नियम तुम्हीं केलेला. त्याचें गाऱ्हाणें तुमच्याकडेच कसें आणायचें?"

सूनबाईंच्या या प्रश्नावर आम्हीं पुष्कळ विचार केला. जगांतील लहान समाजांचें दुःख नेमकें हेंच आहे. शेजाऱ्यानें अन्याय केला तर राजाकडे दाद मागतां येते. पण राजानेंच केला तर कोठें जावयाचें? मोठा मासा लहान माशास गिळतो, त्या मात्स्यन्यायावर उपाय म्हणून राजसत्ता निर्माण झाली, असें आमचे प्राचीन नीतिशास्त्रकार सांगतात. आतां बहुमताचें राज्य आलें. तें योग्यच झालें. परंतु धर्मानें, भाषेनें किंवा वंशानें ज्यांची संख्या कायमचीच थोडी आहे, त्यांस मतांच्या मोजणींत आपला पक्ष कधींकाळीं वर येईल अशी आशा नसते. त्यांच्यापुरता बहुमत हाच राजा, आणि न्यायाधीशही बहुधा त्याच घरचा. अशांचें गाऱ्हाणें ऐकण्यास घराबाहेरची एखादी जागा असावी कीं नाहीं, हा प्रश्न गेलीं शंभर वर्षें जगापुढें आहे. त्याचा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत ठेवावा, असा आमचा हेतु आहे.

पहिलें महायुद्ध संपल्यावर युरोपांत जुनीं साम्राज्यें मोडून नवीं राष्ट्रें झालीं. सीमा कशाही आंखल्या तरी कोणी तरी परक्यांच्या राज्यांत उरणारच, हें ओळखून १९१९ च्या जून महिन्यांत पोलंडशीं अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा एक तह करण्यांत आला. त्याच नमुन्याचे तह चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया, ग्रीस इत्यादि राष्ट्रांशींही झाले. कांहीं राष्ट्रांनीं तशीं प्रतिज्ञापत्रें करून दिलीं. स्वभाषेचा वापर, स्वधर्माचें आचरण आणि स्वखर्चानें स्वतःच्या शाळा चालविणें, हे त्यांतील मुख्य हक्क. त्यांची जामीनकी जिनिव्हाच्या राष्ट्रसंघाकडे होती. अन्याय झालेल्यांनीं राष्ट्रसंघाकडे अर्ज पाठवावा. तो निनांवी नसावा, त्यांत शिवराळ भाषा नसावी, राज्यांतून फुटून निघण्याची मागणी नसावी. मग संघाच्या कौन्सिलांतील तिघांच्या समितीनें तो पाहावा, अशी रीत पडली. मात्र अर्जदारास फिर्यादीचा मान नव्हता. त्याचा अर्ज म्हणजे नुसती माहिती. ती कौन्सिलापुढें मांडावयाची कीं नाहीं, हें कौन्सिलांतील राष्ट्रांनीं ठरवावयाचें. दार उघडें होतें, पण त्यांतून आंत पाऊल टाकण्याचा अधिकार दुसऱ्याच कोणाला होता.

तरीही या रीतीनें दोन मोठीं कामें झालीं. पहिलें आमच्या घरच्या गोष्टीशीं इतकें जुळतें कीं, तें वाचून आम्ही ओशाळलों. आल्बेनिया देशाच्या दक्षिण भागांत ग्रीक भाषा बोलणारे लोक राहतात. त्यांस आपल्या शाळा चालवूं देऊं, असें प्रतिज्ञापत्र आल्बेनियानें १९२१ सालीं दिलें होतें. पुढें १९३३ त त्या सरकारनें राज्यघटना बदलून देशांतील सर्वच खासगी शाळा बंद केल्या. ग्रीकांनीं तक्रार करतांच सरकारचें उत्तर तयार होतें: बंदी सर्वांस सारखी आहे, आल्बेनियन लोकांच्या खासगी शाळाही बंद केल्या आहेत, मग पक्षपात कोठें झाला? प्रकरण हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे मतासाठीं गेलें. ता. ६ एप्रिल १९३५ रोजीं न्यायालयानें आठ विरुद्ध तीन मतांनीं सांगितलें कीं, हा बचाव टिकत नाहीं. बहुसंख्याकांस सरकारी शाळा आपल्याच भाषेची असते. खासगी शाळा गेली तरी त्यांचें फारसें बिघडत नाहीं. अल्पसंख्याकांची मात्र शाळा गेली कीं भाषा जाते. कायद्याच्या अक्षरांतील समता निराळी आणि प्रत्यक्षांतील समता निराळी. प्रत्यक्षांत समता आणावयाची तर कधीं कधीं वेगवेगळी वागणूकही द्यावी लागते, असा या मताचा मथितार्थ आहे. आक्कानें तें न्यायालयाचें मत वाचलेलें नव्हतें, पण ती बोलली तें हेंच.

दुसरें प्रकरण त्याच्या दोन वर्षें आधींचें आहे. जर्मनी हें बडें राष्ट्र असल्यामुळें त्याच्यावर अल्पसंख्याकांच्या तहाचें बंधन नव्हतें. अपवाद एकाच प्रांताचा होता. वरच्या सायलेशियाची जर्मनी व पोलंड यांच्यांत वांटणी झाली, तेव्हां १९२२ च्या मे महिन्यांत उभयतांनीं पंधरा वर्षांच्या मुदतीचा एक करार केला होता. आणि त्या करारांत एक असामान्य कलम होतें. त्या कलमान्वयें अन्याय झालेल्या व्यक्तीस स्वतः कौन्सिलाकडे जातां येत होतें. १९३३ त हिटलरचें राज्य येऊन यहुदी लोकांवर कायद्यांचा वरवंटा फिरूं लागला. ग्लायव्हिट्स शहरांतील एका दुकानांत नोकरीस असलेला फ्रांत्स बर्नहाइम नांवाचा सामान्य मनुष्य केवळ यहुदी म्हणून एप्रिलअखेर कामावरून निघाला. तो प्राग शहरीं गेला आणि मे महिन्यांत त्यानें राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. हा मनुष्य मूळचा त्या प्रांतांतला नाहीं, त्याला अर्ज करण्याचा अधिकारच नाहीं, असे आक्षेप जर्मनीच्या वकिलानें घेतले. कायदेपंडितांच्या समितीनें ते फेटाळले. अखेर कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या गैरसमजुतीमुळें चुका झाल्या असतील, असें गुळमुळीत उत्तर जर्मनीस द्यावें लागलें. आणि त्या प्रांतापुरते यहुद्यांविरुद्धचे कायदे बाजूस ठेवण्यांत आले.

वाचकहो, याचा अर्थ ध्यानांत घ्या. उरलेल्या जर्मनींत यहुदी वकिलांच्या सनदा जात होत्या, वैद्यांचें काम सुटत होतें, नोकरांस घरीं बसविलें जात होतें. आणि त्याच राज्याच्या एका कोपऱ्यांत, एका साध्या नोकराच्या अर्जामुळें, तेच लोक चार वर्षें आपापल्या उद्योगावर राहिले. ता. १५ जुलै १९३७ रोजीं कराराची मुदत संपली, आणि ते कायदे त्या प्रांतासही लागू झाले. पुढें युरोपांतील साठ लाख यहुद्यांचा संहार झाला, तो सर्वांस ठाऊक आहे. एका अर्जानें संहार टळला असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्यांस त्या चार वर्षांत देश सोडून निघण्यास अवधि मिळाला, त्यांच्या दृष्टीनें तीं चार वर्षें थोडीं नव्हेत. आपल्या कोंकणांत शतकानुशतकें मराठी बोलत नांदलेले बेने इस्राएल लोक, ज्यांना आपण शनवार तेली म्हणून ओळखत आलों, त्यांच्याच धर्माच्या माणसांची ही हकीकत आहे.

राष्ट्रसंघाची ही व्यवस्था टिकली नाहीं, आणि याचें कारण तिच्या मुळांतच होतें. लहान राष्ट्रांस बंधन आणि बड्यांस मोकळीक, हा पंक्तिप्रपंच होता. १९३४ च्या सप्टेंबरांत पोलंडनें आपलें सहकार्य काढून घेतलें. पुढें हिटलरनें तर अल्पसंख्याकांच्या गाऱ्हाण्याचेंच हत्यार केलें; सुडेटन जर्मनांचें निमित्त करून १९३८ त म्युनिक येथें त्यानें चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडला. गाऱ्हाणें खऱ्या पीडिताच्या हातांतून सुटून लोभी शेजाऱ्याच्या हातीं गेलें, म्हणजे काय होतें, त्याचा हा धडा होय. त्यामुळें दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला, तेव्हां अल्पसंख्याक हा शब्दच मुत्सद्द्यांस नकोसा झाला होता. ता. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यांत अल्पसंख्याकांसाठीं वेगळें कलम नाहीं. समाजाऐवजीं माणसाकडे पाहावें, प्रत्येक माणसाचे हक्क सांभाळले कीं थोड्यांचे आपोआप सांभाळले जातील, असा तो विचार होता. या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमांत सर्व पुरुष या अर्थानें घेतला जाऊं शकेल असा इंग्रजी शब्द होता, तो बदलून सर्व मानव असा शब्द यावा म्हणून भारताच्या प्रतिनिधि हंसाबाई मेहता यांनीं आग्रह धरला. या बाई बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या.

तथापि माणूस सुटा राहत नाहीं. भाषा एकट्यानें बोलतां येत नाहीं आणि सण एकट्यानें साजरा होत नाहीं. म्हणून १९६६ त संमत होऊन १९७६ त अमलांत आलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांत २७ वें कलम घालण्यांत आलें. वंश, धर्म किंवा भाषा यांमुळें अल्पसंख्य असलेल्या माणसांस आपल्या समाजाच्या इतर मंडळींसमवेत स्वतःची संस्कृति उपभोगण्याचा, स्वधर्म आचरण्याचा आणि स्वभाषा वापरण्याचा हक्क नाकारतां येणार नाहीं, असा त्याचा भाव आहे. करारावर देखरेख करण्यास अठरा जाणत्या व्यक्तींची मानवी हक्क समिति असते. हे सभासद आपापल्या सरकारचे मुखत्यार म्हणून बसत नाहींत. करारास जोडून एक ऐच्छिक पूरक करार आहे. ज्या राष्ट्रानें तो पत्करला, त्याच्या हद्दींतील कोणीही माणूस, देशांतील न्यायाचे उपाय संपल्यावर, स्वतःच्या सहीनें या समितीकडे गाऱ्हाणें नेऊं शकतो. बर्नहाइमला एका प्रांताच्या एका करारामुळें जें सुदैवानें मिळालें, तें आतां शंभराहून अधिक राष्ट्रांतील माणसांस मिळूं लागलें.

याचा उपयोग कसा होतो, हें कानडा देशांतील एका बाईंच्या हकीकतीवरून दिसेल. तेथील मूळ रहिवाशांस कोलंबसाच्या चुकीमुळें इंडियन हें नांव पडलें. आपणांशीं त्याचा संबंध नाहीं. सँड्रा लव्हलेस या बाई मालिसीट जमातीच्या. न्यू ब्रन्सविक प्रांतांतील टोबिक ही त्यांच्या जमातीसाठीं राखून ठेवलेली वसाहत. १९७० च्या मे महिन्यांत त्यांनीं जमातीबाहेरच्या गृहस्थाशीं लग्न केलें. कानडाच्या कायद्याप्रमाणें त्या दिवसापासून त्या इंडियन उरल्या नाहींत. जमातींतल्या पुरुषानें बाहेरची बायको केली तर त्याचें कांहींच जात नसे. उलट ती बाहेरची बाईच कायद्यानें इंडियन ठरे. मुलीनें बाहेर लग्न केलें कीं मात्र तिचें नांव नोंदवहींतून कायमचें जाई. पुढें लव्हलेसबाईंचा संसार मोडला. मुलांस घेऊन त्या माहेरीं परतूं पाहत होत्या. पण ज्या भूमींत त्यांचे आईबाप राहत होते, तेथें घर मिळण्याचा त्यांस हक्क नव्हता.

येथें आमच्या वाचकांनीं क्षणभर थांबावें. संसार मोडून परत आलेल्या लेकीस माजघरांत जागा आहे कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या कुटुंबांसही नवा नाहीं. फरक इतकाच कीं, आपल्याकडे दार लावले जातें तें रूढीनें. तेथें तें सरकारी कायद्यानें लावलें होतें. कायद्याची बाजूही ऐकली पाहिजे. परके पुरुष जांवई होऊन जमिनीवर बसतील आणि मूठभर जमात आपली उरलीसुरली भूमि गमावून बसेल, ही भीति त्यामागें होती. एकोणिसाव्या शतकांत शेतीवर जगणाऱ्या समाजांस परक्या स्त्रीपेक्षां परक्या पुरुषाचें भय अधिक वाटे, असें कानडा सरकारनें पुढें सांगितलेंही. जमातींतील अनेक पुढाऱ्यांस कायदा बदलणें नको होतें. म्हणजे येथें अल्पसंख्याकांतही एक अल्पसंख्य होती, आणि तिच्यावरील अन्याय समाजाच्या रक्षणाच्या नांवाखालीं चालला होता.

देशांतील दार आधींच बंद झालें होतें. जेनेट लाव्हेल या दुसऱ्या एका बाईंनीं याच कायद्याविरुद्ध दाद मागितली असतां १९७३ सालीं कानडाच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ती नाकारली. कायद्याची अंमलबजावणी सर्व इंडियन स्त्रियांवर सारखी होत असल्यास कायद्यापुढील समता भंगत नाहीं, असा त्या निकालाचा रोंख होता. नियम सर्वांस सारखा, हें आमचेंच वाक्य पुन्हां एकदां आमच्या कानांवर आदळलें.

तेव्हां ता. २९ डिसेंबर १९७७ रोजीं लव्हलेसबाईंनीं मानवी हक्क समितीकडे अर्ज केला. इकडे टोबिकच्या बायका स्वस्थ बसल्या नव्हत्या. १९७९ च्या जुलै महिन्यांत त्यांनीं आपलीं मुलें बरोबर घेऊन ओका गांवापासून ऑटावा राजधानीपर्यंत सुमारे १०० मैल पायीं वाटचाल केली. समितीचा निर्णय यावयास ता. ३० जुलै १९८१ उजाडली. निर्णय मोठा सावध आहे. लग्न १९७० चें, आणि करार कानडास लागू झाला १९७६ च्या आगस्टांत; तेव्हां नांव काढून टाकण्याच्या मूळ कृत्याचा निवाडा आम्हांस करतां येत नाहीं, असें समितीनें मान्य केलें. परंतु त्या कृत्याचें फळ ही बाई आजही भोगीत आहे. जन्मानें, वाढीनें आणि मनाच्या ओढीनें ती त्या जमातीची आहे. जमातीखेरीज दुसऱ्या कोठें तिला आपली भाषा व संस्कृति यांचा सहवास मिळणार नाहीं. आणि तिला बाहेर ठेवणें जमातीच्या रक्षणास आवश्यक आहे, असेंही दिसत नाहीं. म्हणून २७ व्या कलमाचा भंग झाला आहे, असें समितीनें सांगितलें.

समितीजवळ शिपाई नाहीं, तुरुंग नाहीं, दंड वसूल करण्याची सोय नाहीं. मग पुढें काय झालें? जगापुढें आपला दोष लेखी नोंदला गेला, याची कानडास लाज वाटली. घरांतल्या बायकांनीं चळवळ चालूच ठेवली. आणि १९८५ च्या एप्रिलांत कायदा बदलला. पुढील पंधरा-सोळा वर्षांत एक लाखाहून अधिक माणसांस गेलेली ओळख परत मिळाली किंवा नव्यानें मिळाली. मात्र मुलीच्या वंशजांस मुलाच्या वंशजांपेक्षां कमी लेखणारें शेपूट नव्या कायद्यांतही राहिलें. त्याविरुद्ध शॅरन मॅकआयव्हर या बाई व त्यांचे चिरंजीव देशांतील न्यायालयांत झगडले, आणि पुढें याच समितीकडे गेले. समितीनें त्यांचें म्हणणें उचलून धरलें. तो निर्णय १९१९ च्या तहानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०१९ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं ता. १५ आगस्ट रोजीं कायद्यांतील तें शेपूटही छाटलें गेलें. लव्हलेसबाईंस मध्यंतरीं २००५ सालीं कानडाच्या सेनेट सभेंत स्थान मिळालें होतें. अर्जापासून शेवटच्या दुरुस्तीपर्यंत बेचाळीस वर्षें लागलीं. ज्यांस लवकर न्याय हवा असेल त्यांनीं या मार्गावर फार भिस्त ठेवूं नये; पण हा मार्ग व्यर्थ आहे, असेंही कोणी म्हणूं नये.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आपल्या राज्यघटनेचीं २९ व ३० हीं कलमें अल्पसंख्याकांस आपली भाषा, लिपि व संस्कृति जतन करण्याचा आणि स्वतःच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा अधिकार देतात. भाषावार प्रांतरचनेच्या वेळीं, १९५६ सालीं, ३५० (अ) हें कलम आलें. अल्पसंख्य भाषा बोलणाऱ्यांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळावें, अशी त्याची अपेक्षा आहे. १९९२ च्या कायद्यानें अल्पसंख्याक आयोगास आणि १९९३ च्या कायद्यानें मानवी हक्क आयोगास आधार मिळाला. ही घरची व्यवस्था पुष्कळ देशांपेक्षां भरीव आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. आंतरराष्ट्रीय करारही भारतानें ता. १० एप्रिल १९७९ रोजीं पत्करला. परंतु व्यक्तीस अर्जाचा अधिकार देणारा ऐच्छिक पूरक करार मात्र आजतागायत पत्करलेला नाहीं. त्यामुळें भारतीय माणसाला लव्हलेसबाईंप्रमाणें त्या समितीचें दार ठोठावतां येत नाहीं. समितीपुढें सरकारनें अहवाल ठेवावयाचा आणि प्रश्नांस उत्तरें द्यावयाचीं, एवढाच प्रसंग येतो. तोही १९९७ नंतर एकदम २०२४ च्या जुलै महिन्यांत आला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क परिषदेंत सर्वच राष्ट्रांची कांहीं वर्षांनीं पाळीपाळीनें तपासणी होते. तींत भारताची पाळी २००८, २०१२, २०१७ व २०२२ या सालीं येऊन गेली. येथें बडें राष्ट्र व लहान राष्ट्र असा भेद नाहीं. राष्ट्रसंघाच्या वेळचा पंक्तिप्रपंच निदान या बाबतींत संपला, हें चांगलें झालें.

परक्यांनीं आमच्या घरांत कां डोकवावें, असा आक्षेप येथें येईल, आणि तो टाकाऊ नाहीं. परकीय सत्तेच्या जुलमांतून सुटलेल्या राष्ट्रास आपल्या उंबरठ्याची जपणूक वाटणें स्वाभाविक आहे. शिवाय जगाच्या चावडीवर बसणारे सगळेच पंच निर्मळ असतात, असेंही नाहीं. म्युनिकची हकीकत वर आलीच आहे. परंतु संस्कृतांत देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरांतही उजेड पाडतो आणि अंगणांतही. ज्या अर्जाच्या दारानें जग आपल्याकडे पाहील, त्याच दारानें आपणही जगाकडे पाहतों. परदेशीं आपलीं लाखों मुलें नोकरीधंद्यानिमित्त राहतात. तेथें तीं अल्पसंख्य आहेत. त्यांच्या देवळास, त्यांच्या सणांस, त्यांच्या भाषेच्या वर्गांस तेथील सरकारनें हरकत घेऊं नये, असें आपण म्हणतों, तें कोणत्या आधारावर? त्याच २७ व्या कलमाच्या. आणि इतकें दूर तरी कशाला जावें? बडोदें, इंदूर, तंजावर, बेळगांव येथील मराठी माणूस आपापल्या राज्यांत भाषेनें थोडक्यांतलाच आहे. महाराष्ट्रांत आपण थोरले, सीमा ओलांडली कीं धाकटे. थोरलेपणीं केलेला न्याय धाकटेपणीं मागतांना तोंड वर राहतें.

शेवटीं एक गोष्ट आमच्या अनुभवाची सांगतों. आक्का बडोद्यास परत गेली; पण तिच्या त्या प्रश्नानंतर घरांत कोणताही नियम करण्यापूर्वीं, हा नियम नेमका कोणास बांधतो, असें स्वतःस विचारण्याची संवय आम्हांस लागली. जिनिव्हाचा खरा उपयोगही बहुधा एवढाच आणि इतका मोठा असावा. तेथून कोणी येऊन आपल्या घरचा कारभार करणार नाहीं. कायदा बदलावयाचा तो ज्याच्या त्याच्या देशांतच बदलतो. परंतु आपणांस कोणी तरी विचारणार आहे, हें ठाऊक असलें म्हणजे वडीलधारी माणसेंही थोडीं जपून बोलतात.

आतां आमच्या पंगतींत नातू कोंकणींत आणखी एक पोळी मागतो, आणि आम्हांस तें समजूंही लागलें आहे. परवां जेवतां जेवतां आम्हीं सूनबाईंना एक शब्द कोंकणींत विचारला. तो चुकला, आणि सगळी पंगत हंसली. हंसणाऱ्यांत सूनबाईंचा आवाज सर्वांत मोठा होता.